पहिला सिंथेसायझर घेण्यापूर्वी

बारावीची परीक्षा संपते, सुट्टीचे दिवस सुरू होतात आणि एखाद्या संध्याकाळी घरातील मुलगी वडिलांसमोर येऊन म्हणते, "पप्पा, मला सिंथेसायझर घ्यायचा आहे." वडिलांच्या कपाळावर आठी उमटते. "अगं, माळ्यावर कॅसिओ पडलाच आहे की! तोच आधी काढ." मुलगी हिरमुसते. आजोबा मध्ये पडतात, शिकण्याचाच हट्ट आहे, त्यात वावगे काही नाही, असे म्हणतात. आणि विषय किमतीपाशी येऊन थांबतो.

हे दृश्य आज अनेक घरांत थोड्याफार फरकाने घडते. यात दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असतात. माळ्यावरचे वाद्य आणि मुलीने मागितलेले वाद्य यांत फरक काय, हे वडिलांना कोणी सांगितलेले नसते. मुलीला तो फरक ठाऊक असतो. पण नवे वाद्य आल्यावर पहिल्या महिन्यात त्यावर नेमके काय करायचे, हे तिने ठरवलेले नसते. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळण्याआधी पैसे खर्च झाले, तर वर्षभरात माळ्यावर एकाऐवजी दोन पट्ट्या विसावतात.

दोन पट्ट्या, दोन स्वभाव

आपल्याकडे स्वरपट्टी असलेल्या कोणत्याही विजेच्या वाद्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणण्याची सवय आहे. अशा घरगुती कीबोर्डमध्ये पियानो, बासरी, व्हायोलिन असे तयार आवाज आणि जोडीला तयार ताल भरलेले असतात. वादकाने आवाज निवडायचा आणि वाजवायचे. गाणे बसवण्यासाठी, सुरांचा हात तयार करण्यासाठी हे वाद्य उत्तमच आहे.

सिंथेसायझरचा स्वभाव निराळा. तेथे आवाज निवडण्यापेक्षा तो घडवण्याला महत्त्व असते. या घडणीचे चार टप्पे समजले की जगातील बहुतेक सिंथेसायझर ओळखीचे वाटू लागतात. पहिला टप्पा ऑसिलेटरचा. तो मूळ कंपन निर्माण करतो आणि त्या कंपनाला आकार असतो. साइन हा अगदी मऊ आणि एकाकी. चौकोनी थोडा पोकळ. करवतीच्या दात्यांसारखा आकार असलेला 'सॉ' भरदार, कारण त्यात मूळ स्वराबरोबर त्याचे सर्व उपस्वर असतात. दुसरा टप्पा फिल्टरचा. तोंड उघडून 'आ' म्हणत हळूहळू ओठ मिटत 'ऊ'पर्यंत आले की आवाजातील धार जशी कमी होते, तसेच काम फिल्टर करतो. तिसरा एन्व्हलपचा, म्हणजे नाद कसा उठावा आणि कसा विरावा हे ठरवणारा. घंटेचा नाद एकदम उठतो आणि सावकाश विरतो. बासरीचा फुंकरीबरोबर उमलतो. चौथा एलएफओचा. हे इतके संथ कंपन असते की स्वतः ऐकू येत नाही. पण ते इतर भागांना हलवत राहते, त्यामुळे आवाजात कंप किंवा लहर येते.

एवढे ज्ञान असलेला खरेदीदार दुकानात फसत नाही. तो विक्रेत्याला 'यात किती आवाज आहेत?' असे विचारत नाही. 'यात कोरा आवाज कसा मिळतो?' असे विचारतो. कोऱ्या आवाजापासून आरंभ करून दहा मिनिटांत तंबोऱ्यासारखा एक धरलेला नाद, घंटेसारखा एक विरणारा नाद आणि ढोलासारखा एक ठोका घडवून पाहावा. जे वाद्य हे तीन प्रयत्न सुलभ करते, ते नवशिक्याच्या उपयोगाचे. ज्यात दहा मिनिटे पडद्यावरील याद्या चाळण्यातच जातात, ते कितीही नामांकित असले तरी आरंभासाठी नव्हे.

मुंबईतील तीन यंत्रे

निवडीचा खरा अर्थ समजून घेण्यासाठी मुंबईतीलच एक उदाहरण पुरेसे आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. गिटार आणि कीबोर्ड या दोन्हींवर त्यांचा हात होता. १९८०च्या दशकाच्या आरंभी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांच्याकडे आली : अनेक स्वर एकाच वेळी वाजवणारा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जातील सुरावट वाजवणारे लहानसे यंत्र. त्या काळी चित्रपटांत डिस्कोची लाट होती. सिंग यांनी तबला बाजूला ठेवला, डिस्कोचा ठेका धरला आणि त्यावर भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. १९८२ साली 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' या नावाने ती तबकडी प्रसिद्ध झाली.

तिला फारसे श्रोते मिळाले नाहीत. पुढे वीस वर्षांनी एका डच संग्राहकाच्या हाती ती भारतात लागली आणि २०१० साली पुन्हा प्रकाशित झाली. तेव्हा जगभरच्या जाणकारांना आश्चर्य वाटले; कारण १९८७ साली शिकागोत 'अ‍ॅसिड हाउस' या नावाने ज्या शैलीचा उदय मानला जातो, तिच्याशी मिळतेजुळते संगीत मुंबईत पाच वर्षे आधी ध्वनिमुद्रित झाले होते. उतारवयात सिंग यांना परदेशांतून वादनाची निमंत्रणे आली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या कथेत टीबी-३०३ची कथाही दडलेली आहे. एकट्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून ते यंत्र तयार केले गेले. पण त्या कामी ते पसंत पडले नाही आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले, तेव्हा शिकागोतील तरुणांनी ते घेतले आणि सूर वाजत असतानाच त्याच्या फिल्टरची बटणे फिरवली. त्यातून नवा आवाज जन्मला. यंत्राचे मोल त्याच्या किमतीपेक्षा ते फिरवून, ऐकून, पुन्हा फिरवून पाहणाऱ्या हातावर अधिक अवलंबून असते, हा या दोन्ही कथांचा सारांश आहे.

आरंभ संगणकापासून

१९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग कंपनीचा सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो उभारून दिला. त्याआधी दोन दशके, १९४६ मध्ये, न्यूयॉर्क येथे जॉन केज या संगीतकाराशी भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताची देवाणघेवाण करणाऱ्या गीता साराभाई याही या स्टुडिओत काम करणाऱ्यांपैकी होत्या. कपाटाएवढ्या त्या यंत्रात एक एक भाग तारेने दुसऱ्याला जोडावा, तेव्हा कोठे एक आवाज निघे. त्यासाठी संस्थेपर्यंत जाणे भाग होते.

आज तीच तत्त्वे घरातील साध्या लॅपटॉपवर उपलब्ध आहेत, तीही विनामूल्य. 'सर्ज एक्सटी' हा खुला आणि मोफत सिंथेसायझर संगणकावर उतरवून घेता येतो. 'व्हायटल' या प्रणालीची मोफत आवृत्ती आवाजाचा आकार पडद्यावर हलताना दाखवते, त्यामुळे शिकणाऱ्याला कानाबरोबर डोळ्यांचीही मदत होते. १९८३ साली आलेल्या यामाहा डीएक्स-७ या गाजलेल्या वाद्याची रचना 'डेक्स्ड' या मोफत प्रणालीत अनुभवता येते.

ही वाद्ये ज्या मुख्य प्रणालीत बसवायची, तिला ध्वनिमुद्रणाची वही म्हणता येईल. अ‍ॅपलच्या संगणकावर 'गॅरेजबँड' विनामूल्य मिळते. विंडोजसाठी 'वेव्हफॉर्म फ्री' आहे. 'रीपर' साठ दिवस सर्व सोयींसह वापरून पाहता येते आणि घरगुती वापराचा परवाना इतरांच्या मानाने स्वस्त असतो. 'एफएल स्टुडिओ' तरुणांत लोकप्रिय आहे आणि एकदा घेतल्यावर पुढील आवृत्त्या मोफत मिळतात. मात्र तिच्या चाचणी आवृत्तीत जतन केलेले काम पुन्हा उघडता येत नाही, हे आधीच माहीत असावे. 'एबलटन लाइव्ह'ची मर्यादित आवृत्ती अनेक कीबोर्ड आणि इंटरफेस यांच्यासोबत येते. तेव्हा यंत्र घेताना खोक्यात कोणती प्रणाली आहे, हे विचारून घ्यावे. इतके सन्मार्गाने मिळत असताना चोरीच्या प्रती उतरवण्याचे कारण उरत नाही. त्या प्रतींबरोबर संगणकात काय शिरते, याचा भरवसा नसतो.

लॅपटॉपवर वाजवताना नवशिक्याची पहिली तक्रार एकच असते : बोट आधी पडते, सूर नंतर येतो. हा दोष यंत्राचा नसून मांडणीचा असतो. संगणक आवाजाचे नमुने लहान गठ्ठ्यांत पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगात २५६ नमुन्यांचा गठ्ठा भरण्यास सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेळात आवाज हवेतून दोन मीटर जातो, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या वाद्याइतकाच हा उशीर. गठ्ठा १,०२४ नमुन्यांचा केला तर तोच उशीर २३ मिलिसेकंदांपर्यंत जातो आणि बोटांना खटकू लागतो. वाजवताना गठ्ठा लहान ठेवावा, अंतिम मिश्रण करताना मोठा करावा. एवढ्या बदलाने नवा संगणक घेण्याचा खर्च अनेकदा वाचतो.

बोलणारे वाद्य : व्होकोडर

यंत्र बोलल्यासारखा तो गूढ आवाज ऐकला की अनेकांना व्होकोडरची ओढ लागते. त्याचा जन्म मात्र संगीतासाठी झालेला नाही. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील होमर डडली यांनी टेलिफोनच्या तारेतून बोलणे कमी जागेत पाठवता यावे म्हणून तो विकसित केला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यातील गुप्त संभाषणासाठी याच तत्त्वावरील 'सिगसॅली' ही यंत्रणा वापरली गेली. तिचे वजन पन्नास टनांहून अधिक होते. पुढे वेंडी कार्लोस यांनी १९७१च्या एका चित्रपटाच्या संगीतात आणि जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या समूहाने १९७४च्या 'ऑटोबान'मध्ये व्होकोडर वापरला आणि तो वाद्यांच्या पंक्तीत आला.

त्याचे कार्य समजले की निवड सोपी होते. व्होकोडरला दोन आवाज लागतात. एक बोलणाऱ्याचा, दुसरा सिंथेसायझरचा. बोलणे गाळण्यांच्या रांगेतून जाते आणि खर्जापासून टिपेपर्यंत प्रत्येक पट्ट्यात या क्षणी किती जोर आहे, हे मोजले जाते. सिंथेसायझरच्या आवाजातील तेच पट्टे त्या प्रमाणात उचलले किंवा दाबले जातात. म्हणजे शब्द माणसाचे आणि सूर पट्टीवरील बोटांचे. गाणाऱ्याचा सूर चुकला म्हणून तो दुरुस्त करणारी ऑटो-ट्यून ही प्रणाली निराळी; ती १९९७ मध्ये आली आणि तिला दुसऱ्या वाद्याची गरज नसते. 'मला व्होकोडर हवा' असे म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना प्रत्यक्षात ऑटो-ट्यूनचा आवाज हवा असतो. खरेदीपूर्वी आवडता आवाज नेमका कोणता, याची खातरजमा करावी.

दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. सिंथेसायझरचा आवाज साइनसारखा एकाकी असेल, तर गाळण्यांना उचलायला काहीच मिळत नाही आणि शब्द उमटत नाहीत. 'सॉ'सारखा भरदार आवाज द्यावा. दुसरे म्हणजे स, श, च ही व्यंजने सुरांची नसून श्वासाच्या खरखरीची आहेत. त्यांच्यासाठी चांगल्या व्होकोडरमध्ये वेगळी सोय असते. दुकानात परीक्षा घ्यायची तर 'साडेसहाच्या शिटीला सगळे सज्ज' असे एखादे वाक्य बोलावे. त्यातील स आणि श ओळखता आले तर व्होकोडर कामाचा. गाळण्यांची संख्या वाढली की शब्द स्पष्ट होतात, यंत्राचा गंध मात्र कमी होतो. म्हणून मोठा आकडा नेहमीच चांगला, असे नाही.

प्रयोगासाठी 'टीएएल व्होकोडर' हा अकरा पट्ट्यांचा व्होकोडर मोफत मिळतो. 'रीपर'मध्ये आणि 'सर्ज एक्सटी'मध्येही व्होकोडर अंतर्भूत आहे. प्रत्यक्ष वाद्य हवे असेल, तर २००२ साली आलेले कॉर्ग कंपनीचे मायक्रोकॉर्ग आजही अनेकांकडे दिसते. त्यात आठ पट्ट्यांचा व्होकोडर, सोबत माइक, ३७ लहान पट्ट्या आणि एका वेळी चार स्वर वाजवण्याची क्षमता आहे. हार्मोनियमची सवय असलेल्या बोटांना त्या लहान पट्ट्या अडचणीच्या वाटू शकतात. आर्टुरिया कंपनीच्या मायक्रोफ्रीकमध्येही व्होकोडर पुढे समाविष्ट झाला. त्याच्या २५ पट्ट्या मात्र दाबल्या जात नाहीत, स्पर्शाने वाजतात. दोन्ही वाद्ये प्रत्यक्ष हाताळूनच ठरवावीत.

खर्चाचा क्रम

जाहिरातींचा क्रम मोठ्या यंत्रापासून सुरू होतो. घराच्या हिशोबाचा क्रम उलटा असावा.

पहिला खर्च कानांवर करावा. कानाभोवती पूर्ण बसणारे, बंद पाठीचे हेडफोन घ्यावेत. त्यामुळे रात्री घरातील कोणाची झोपमोड होत नाही आणि माइकमध्ये सिंथेसायझरचा आवाज शिरत नाही. खर्ज फुगवून सांगणारे हेडफोन मात्र टाळावेत. त्यांवर भरदार वाटलेले गाणे दुसऱ्याच्या घरी पोकळ ऐकू येते.

दुसरा खर्च यूएसबीने जोडणाऱ्या लहान मिडी कीबोर्डचा. यात स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी, किती जोराने दाबली, एवढाच निरोप तो शून्य ते १२७ या आकड्यांत संगणकाला पाठवतो. ही भाषा १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांनी एकत्र येऊन स्वीकारली. म्हणूनच आज घेतलेला कीबोर्ड उद्या दुसऱ्या कंपनीच्या सिंथेसायझरलाही जोडता येतो.

तिसरा खर्च, आवाज ध्वनिमुद्रित करण्याची किंवा व्होकोडर वापरण्याची वेळ आल्यावर, माइक आणि ऑडिओ इंटरफेस यांचा. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची सोय लागते. साध्या डायनॅमिक माइकला ती लागत नाही आणि घरातील पंखा, रस्ता, कुकरची शिटीही तो कमी टिपतो.

स्वतंत्र सिंथेसायझर हा चौथा खर्च. संगणकावर सहा महिने काम केल्यावर कोणते बटण हाताला वारंवार हवेसे वाटते, हे कळलेले असते. एकल सुरावट वाजवायची असेल, तर एका वेळी एकच स्वर देणारे वाद्य पुरते. तीन-चार स्वरांचे कॉर्ड हवे असतील, तर किमान चार स्वरांचे घ्यावे.

जुने वाद्य घेताना प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक बटण फिरवून पाहावे. खरखर ऐकू आली तर किंमत त्यानुसार बोलावी. अ‍ॅनलॉग वाद्य वीस मिनिटे सुरू ठेवून त्याचा सूर हलतो का, ते तंबोऱ्याशी मिळवून पाहावे. जुन्या वाद्यांत आवाज जतन ठेवणारी लहान बॅटरी असते. ती शेवटची केव्हा बदलली, हे विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वीज. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. तिकडून आलेले वाद्य योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय जोडले तर जळते. अडॅप्टरचे व्होल्टेज आणि त्याच्या टोकाची धन-ऋण दिशा वाद्यावरील खुणेशी जुळवून पाहिल्याशिवाय कळ दाबू नये.

षड्जाला जागा

ज्या घरात हार्मोनियम किंवा गाण्याची परंपरा आहे, तेथे आणखी एक शंका निघते : या यंत्रात आपले स्वर बसतात का? सर्वसाधारण पट्टी सप्तकाचे बारा समान भाग करते. त्यामुळे शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा लागतो. हार्मोनियमचाही दोष हाच. येथे मात्र यंत्र हार्मोनियमपुढे जाऊ शकते. 'सर्ज एक्सटी'सारख्या प्रणालीत प्रत्येक स्वराचे स्थान हवे तसे बदलता येते. एकस्वरी वाद्यातील 'ग्लाइड' ही सोय एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंत सरकत नेते, त्यातून मिंडेचा आभास होतो. खरी मींड मात्र किती आणि केव्हा सरकावे या जाणिवेतून येते. ती जाणीव गळ्याने आणि कानाने मिळवावी लागते. गाण्याचा क्लास बंद करून सिंथेसायझर घेऊ नये, दोन्ही बरोबर चालू ठेवावेत.

पहिला स्वाध्यायही येथूनच निघतो. 'सॉ' आकाराचे दोन ऑसिलेटर घ्यावेत. एक षड्जावर, एक पंचमावर. फिल्टर अर्धा मिटावा आणि संथ एलएफओने तो हलकेच उघडमीट करू द्यावा. जवारीची आठवण देणारा नाद उमटू लागेल. त्यावर रोज पंधरा मिनिटे घरातील कोणीही गावे. आजीने गुणगुणले तरी ते ध्वनिमुद्रित करावे. ज्या यंत्राची घरच्यांना धास्ती वाटत होती, ते अशा वेळी बैठकीत सामील होते.

त्या संध्याकाळचा वाद म्हणूनच खरेदीपासून सुरू होऊ नये. मुलीने वडिलांना एक शब्द द्यावा : सहा महिन्यांत घरातील लॅपटॉपवर तीन रचना पूर्ण करीन. आरंभ, मध्य आणि शेवट असलेल्या. वडिलांनी हेडफोन आणि लहान कीबोर्ड यांचा खर्च आनंदाने करावा आणि त्या तिन्ही रचना बसून ऐकाव्यात. तीन रचना पूर्ण झाल्या, तर चौथ्या खर्चाचा निर्णय दोघांनी मिळून घ्यावा; तोवर कोणता सिंथेसायझर हवा, हे मुलगी स्वतःच नेमके सांगू शकेल. त्या पूर्ण झाल्या नाहीत, तरी घराचे फारसे नुकसान झालेले नसेल.

चरणजित सिंग यांच्याजवळ तीन यंत्रे होती आणि त्यांनी दहा राग शेवटपर्यंत वाजवून ठेवले. श्रोते कित्येक वर्षांनी आले, तेव्हा त्यांना ऐकायला काहीतरी पूर्ण झालेले मिळाले.